हप्त्याचा कैवारी

सोमवार, ३ मार्च
गॅरेजच्या मालकांनी शेवटची ताकीद दिली. पुन्हा हाणामारी केलीस तर कायमचा घरी बस, म्हणाले. कारण क्षुल्लक. मी पेंटरला पाना फेकून मारला, तो वाकला आणि मागच्या गाडीची काच फुटली. वाकायची काही गरज होती का? काच वाचली असती.
संकल्प: आजपासून दयाळूपणा. कुणावरही हात उगारायचा नाही. बायकोला सांगितलं तर पोट धरून हसली. बशी जरा जोरात ठेवली. हल्ली बशाच पातळ येतात.

बुधवार, ५ मार्च
नवीन डेंटर आला. पत्र्याचे पोचे असे काढतो की बघत राहावं. पण बोलताना अडखळतो. एकेक शब्द हप्त्याहप्त्याने येतो. मी प्रेमाने त्याचं नाव ‘हप्ता’ ठेवलं. सगळे खो खो हसले. तोही हसला असावा, मान खाली होती. पहिल्याच दिवशी माणूस आपलासा केला. जमतंय.

गुरुवार, ६ मार्च
पेंटर त्याला हप्ता म्हणाला. म्हणायची पद्धत वाईट होती. नाव मी ठेवलंय, प्रेमाने. कुणीही यावं आणि वापरावं? कॉलर धरून भिंतीवर आपटला. हात उगारलेला नाही. कॉलर धरणं त्यात येत नाही.

सोमवार, १० मार्च
हप्त्याला बोलायचे कष्ट नकोत म्हणून त्याची वाक्यं आता मीच पुरी करतो. आज ‘च... च...’ करत आला. लगेच चहा मागवला. त्याला गाडीची चावी हवी होती, असं नंतर कळलं. चहा मात्र मुकाट प्यायला. आवडला असणार.

बुधवार, १२ मार्च
टायरवाल्याने हप्त्याची नक्कल केली. त्याचं डोकं पंक्चर बघायच्या टाकीत दाबलं. बुडबुडे आले, म्हणजे गळती होतीच. इथेही हात उगारला नाही, खाली दाबला. बाहेर काढल्यावर बराच वेळ खोकत होता. नाटकी माणूस.
हप्ता पांढराफटक पडून बघत होता. गहिवरला बिचारा. त्याच्यासाठी आजवर कुणी एवढं केलं नसणार.

शुक्रवार, १४ मार्च
बायको म्हणते, नाव तुम्हीच ठेवलंत ना? त्याला विचारलं होतं का? हिला प्रेम म्हणून काही कळतच नाही. दार आपटून बाहेर पडलो. कडी हातात आली.

सोमवार, १७ मार्च
थोडक्यात लिहितो, दुखतंय. पेंटरने ‘ह... ह... हप्ता’ केलं. मी जॅकचा दांडा उचलला. हप्ता धावत मध्ये आला आणि ‘न... न...’ करू लागला. त्याला कष्ट नकोत म्हणून मीच म्हटलं, नरडं धरू? हे बघ, धरलंच! आणि उगाच मध्ये लागू नये म्हणून त्याला बाजूला ढकललं. तो लोखंडी खांबावर जाऊन आदळला. कपाळ फुटलं. इतकं रक्त येईल असं वाटलं नव्हतं. मी वळून बघतोय तेवढ्यात पेंटरने सुटा बंपर उचलून माझ्या जबड्यावर हाणला. कडकन आवाज झाला.
‘नका’ म्हणत होता म्हणे.

गुरुवार, २० मार्च
जबडा तारांनी बांधलाय. सगळं नळीने प्यायचं. दुपारी ‘प... प...’ केलं. बायकोने पांघरूण घातलं. मग पंखा लावला. मग पेपर आणून दिला. मला पाणी हवं होतं. धाकटी लेक माझी नक्कल करते आणि दोघी हसतात. ओरडायचीही सोय नाही.
संध्याकाळी मालक आले. सगळी चूक पेंटरची, असं मी सांगणार होतो. ‘स... स...’ म्हणेपर्यंत ते म्हणाले, सोडतोस काम? बरं झालं तूच म्हणालास, मला सांगायला जड जात होतं. पाठ थोपटून गेलेसुद्धा. माणसाचं बोलणं पुरं ऐकून घ्यायला काय जातं लोकांचं?

मंगळवार, २५ मार्च
हप्ता भेटायला आला. कपाळावर टाके. स्टुलावर बसला. मी ‘प... प...’ सुरू केलं. बायको उशी आणायला उठली, तिला त्याने हातानेच थांबवलं. ‘पाणी’ पुरं होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. मग ग्लास आणि नळी दिली. मी घटाघटा प्यायलो.
मग म्हणाला, “त्... त्या चिडवणाऱ्यांचं मी बघून घेतलं असतं. भ... भीती तुमची वाटायची.”
कृतघ्न! चांगलं सुनावायचं म्हणून तोंड हलवलं. तो पुन्हा थांबला. इतका थांबला की माझा राग अर्ध्यातच संपला आणि सुनावण्यासारखं काही उरलं नाही. शेवटी त्याचं नाव विचारलं. सांगायला त्याला फार वेळ लागला, पहिलंच अक्षर अवघड होतं. मी एकदाही मध्ये तोडलं नाही.
दयाळूपणा, असं इथे लिहिणार होतो. पण तोंडात तारा आहेत, मध्ये तोडणार कशाने?