चेनकाका, बाग झाली!

प्रिय चेनकाका,

आज सकाळी आपली बाग उघडली! बँड वाजला, फीत कापली, भाषणं झाली आणि ती व्हायची तेवढी लांबली. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं ना? म्हणून लिहायला बसले. तुम्हाला मराठी येत नव्हतं, पण आपलं जर्मन अडलं की मी मराठीत सुरू व्हायचे आणि तुम्ही चिनीत. तरी आपलं भांडणसुद्धा कसं नीट व्हायचं!

ह्यांच्या डॉक्टरेटसाठी आम्ही हॅम्बुर्गला आलो आणि तुमच्या खानावळीच्या वर बिऱ्हाड केलं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला जिन्यात अडवलंत. "बाई, नवरा इतका वाळका कसा? खायला घालतेस की नाही?" परक्या देशात असं कोणी हक्काने बोललं की किती बरं वाटतं!

गल्ली संपते तिथे, एल्बे नदीच्या काठाला, तेव्हा नुसता राडारोडा होता. लढाईत पडलेल्या गोदामांच्या विटा आणि त्यांतून उगवलेली झुडपं. एके काळी ही गल्ली चिनी माणसांनी भरलेली होती म्हणे. लढाईनंतर परतलात ते तुम्ही आणि तुमचे दोघे दोस्त, असे तिघंच. विटांवर फळी टाकून तुम्ही सोंगट्या खेळायचात आणि चौथा भिडू म्हणून ह्यांना धरून न्यायचात. ह्यांचा प्रबंध लांबला त्यात तुमचाही हात आहे, बरं का!

पालिकेला त्या जागी मालमोटारींचा तळ करायचा होता. तुम्ही म्हणालात, "नदी दिसायला हवी. इथे बाग करा." सगळ्या गल्लीने ते उचलून धरलं. पालिकेचे साहेब म्हणाले, रविवारी येऊन बघतो, वस्तीतलं कोणी तिकडे फिरकतं तरी का.

मग काय, रविवारी सकाळी सगळी गल्ली तिथे जमली. शेजारच्या क्राउझेबाईंनी केक केला. मी चैत्रातली डाळ केली. कैरी कुठली मिळणार? रुबार्बचे आंबट देठ किसून घातले. तुम्ही एक घास घेतलात आणि ओरडलात, "हे कच्चं आहे! चूल विझली की काय?" आणि मग सगळा वाडगा चाटून पुसून साफ केलात. लबाड!

साहेब अकराला यायचे, ते आले साडेबाराला. आणि बाराच्या ठोक्याला सगळी गल्ली जेवायला घरी गेलेली! रविवारच्या भाजलेल्या मटणापुढे बाग काय आणि पालिका काय?

उरलो आपण पाच जण. साहेबांनी चौफेर पाहिलं. "म्हणजे वस्तीतलं कोणीच इथे येत नाही."

"आम्ही बसलोय की," तुम्ही म्हणालात.

"हो, पण मी इथल्या लोकांबद्दल बोलतोय."

तुमचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. पण आवाज चढला नाही. "साहेब, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी या गल्लीला जेवू घालतोय. बसा, भूक लागली असेल."

ते बसले नाहीत. बॅग उचलून निघाले. तेव्हा मी पदर खोचला आणि गल्लीत धावले. रविवारी दुपारी इथे ओरडणं म्हणजे केवढा गुन्हा! पण ओरडले. "क्राउझेबाई, बाग चालली! साहेब म्हणतात, चेनकाका इथले नाहीत!"

वरून कोणीतरी "शांतता!" म्हणून खेकसलं. मग एक खिडकी उघडली, दुसरी उघडली, आणि गळ्याला रुमाल तसेच बांधलेली माणसं हातात पातेली घेऊन खाली आली. काका, आठवतं ना?

क्राउझेबाईंनी मटणाचं भांडं साहेबांच्या पुढ्यात आदळलं. "चेन इथले नाहीत? मग मी कुठली? मी तर लढाईनंतर पूर्वेकडून पळून आले!"

"गेनाऊ!" मागून सगळे गरजले. अगदी बरोबर!

साहेब लाल झाले. मग बसले. मग जेवले. जाताना त्यांनी तुम्हालाच विचारलं, "बाक कुठे हवेत?"

"पाण्याकडे तोंड करून."

तसेच लावलेत, काका. आज फीत कापायच्या आधीच तुमचे दोघे दोस्त पहिल्या बाकावर जाऊन बसले. पोलीस उठवायला आला, तर क्राउझेबाई त्याच्याच अंगावर धावल्या!

मग तुम्हालाच वसंतापर्यंत थांबायला काय झालं होतं? "उद्या बरा होतो" म्हणत हिवाळाभर तो खोकला अंगावर काढलात. माझ्या वाळक्या नवऱ्याची काळजी, आणि स्वतःची? एवढा एक राग माझ्या मनात अजून आहे.

आज बारा वाजले. बँडवाल्यांनी कर्णे पेटीत घातले, गल्ली जेवायला गेली, आणि नवी कोरी बाग क्षणात रिकामी झाली. मी आणि हे मात्र हललो नाही.

तेव्हा काका, एक शब्द देते. या गावात आहोत तोवर दर रविवारी, सगळे जेवायला गेले की आम्ही दोघं डबा घेऊन इथे येऊ. वस्तीतलं कोणी येतं का, असं पुन्हा कोणी विचारलं तर "आम्ही आहोत" म्हणायला बाकावर माणूस असेल.

तुमची, वरच्या मजल्यावरची,
कुमुद