पैनगंगेवरच्या जहाजाची जप्ती

२ ऑगस्ट १९३७
हिंगोलीच्या छावणीतल्या रद्दीत इंग्रजी कायद्याचं पुस्तक मिळालं. विषय: जहाजं जप्त करून सरकारजमा करण्याची रीत. अर्धी पानं वाळवीनं खाल्ली, उरलेली मला निम्मी कळतात. पुरेसं आहे. पैनगंगेच्या या जकात नाक्यावर सात वर्षं कारकुनी केली. आजवर कोणी जहाज धरलं न्हाई. मी धरणार. महिनाअखेर प्रमोशन. तंबाखू आजपासून बंद.

४ ऑगस्ट
जहाज सापडलं! अमिनाबीची काहील. हिवाळ्यात तिच्यात गूळ शिजतो. पावसाळ्यात अमिनाबीचा दीर इब्राहीम तिच्यात माणसं बसवून नदी उतरवतो. आज तिच्यात पलीकडच्या वऱ्हाडातून दोन गोणी खोबरं विनापावती आलं. खोबरं जप्त. काहीलही जप्त.
अमिनाबी म्हणाली, "मोहनसिंगभाऊ, कढई हाय ती!" मी म्हणालो, पाण्यावरून माल नेईल ते जहाज. म्हणाली, "मंग माझी म्हैसबी जहाजच म्हना." मुद्दा विचार करण्याजोगा.
तंबाखू उद्यापासून बंद.

५ ऑगस्ट, सकाळी
नोटीस डोलकाठीवर लावावी असं सेक्शन आहे. डोलकाठी न्हाई. मग जहाजाच्या नाकावर लावू म्हटलं. काहील गोल, नाक कोणतं यावर पंचांत भांडण. शेवटी आत बुडालाच चिकटवली.
रकान्यात जहाजाचं नाव हवं. 'अमिनाबी' लिहिलं. ती म्हणाली, जन्मात पहिल्यांदा नाव सरकारी कागदावर आलं, तेबी चोराचं म्हणून.

७ ऑगस्ट
जप्त जहाजावर पहारेकरी बसवावा. शिपाई थावरा म्हणाला, "बसतो, पर काहून?" सेक्शन शोधत मीच बसलो. छत्री, पुस्तक, तंबाखू. काहील काठाला दोरानं बांधलेली, मंद डुलते. तांड्यातली लेकरं येऊन सलाम ठोकून राहिली. एकदम कप्तान वाटतं! वरच्या साहेबांना रिपोर्ट धाडला: एक जहाज सरकारच्या ताब्यात.

१० ऑगस्ट
नदीला पूर. दुपारी पलीकडून हाका: तिकडच्या तांड्यात मिराबाई बाळंतपणात अडली, सुईण धाडा. सुईण म्हणजे अमिनाबीच. धावत आली. मी पहाऱ्यावर. म्हणालो, जप्तीतलं जहाज परवान्याशिवाय बंदर सोडू शकत न्हाई.
"परवाना कोन देतं?"
मी.
"मंग लिवा. लेकराला तवर थांब म्हनते."
आणि आत येऊन बसली. इब्राहीमनं दोर सोडला. पहारेकरी जहाजावरच!
काहील भिंगरीसारखी फिरली. आभाळ, नाका, वऱ्हाड, परत आभाळ. मी अमिनाबीचा पाय धरला. "धरा, भाऊ," ती म्हणाली, "बाळंतिणीबी असंच धरत्यात."
पलीकडं चिखलात उतरलो तेव्हा ध्यानात आलं: वऱ्हाड म्हणजे इंग्रजी अंमल, अलीकडं आमचं संस्थान. सरकारी ताब्यातलं जहाज मी स्वतः सरहद्दीपार नेलं.
संध्याकाळी पोरगं झालं. खणखणीत रडलं. मीही थोडं. पुस्तकात याचं सेक्शन न्हाई.

१२ ऑगस्ट
पूर ओसरला, परत आलो. दुसरा रिपोर्ट: जहाजाची चाचणी केली, समाधानकारक.

१९ ऑगस्ट
साहेब स्वतः आले! मोटार चिखलात ठेवून मैलभर पायी. गळ्यात दुर्बीण. जहाज कुठंय, विचारलं. थावरानं बोट दाखवलं. साहेब काहीलीभोवती दोनदा फिरले, वाकून नोटीस वाचली, चष्मा पुसून परत वाचली. कौतुकच असणार. मग म्हणाले, ही बाईला परत द्या. आणि मला आत बोलावलं. घाईनं कोट घातला.

१ सप्टेंबर, जवळा बाजार
बदली झाली. आठवडी बाजारात शेळ्यांच्या पावत्या फाडायच्या. जबाबदारीचं काम आहे.
आज पहिल्याच दिवशी एका शेळीनं पावतीबुक खाल्लं. शेळी तिथल्या तिथं जप्त. दुपारपर्यंत तिनं माझी टोपी खाल्ली. मालकीण भिकाबाई म्हणाली, सोडा साहेब, घरी लेकरं दुधाची वाट पाहून राहिलीत.
सोडली. सेक्शन पाहिलं न्हाई.