तळघराची खिडकी

६ ऑगस्ट १८८३
तीन आठवडे वहीला हात लावला नाही. आळस, दुसरं काय! संप सुरू झाला त्याच दिवशी लिहायला बसणार होतो, पण नदीवर पोहायला गेलो. मग रोजचंच — उद्या.

तर, ब्रुनरच्या कारखान्यातून आम्ही साठ सिगार वळणारे बाहेर पडलो, त्याला आज एकोणीस दिवस झाले. मालकाने दोन गोष्टी बंद केल्या : आमची युनियन आणि माझं वाचन. मी बाकावर उभा राहून वर्तमानपत्र वाचायचो आणि माझ्या वाटचे सिगार बाकीचे वळून द्यायचे. एरवी महिन्याला एक गाव सोडणारा मी — इथे टिकलो तो त्यापायीच.

७ ऑगस्ट
घोळ झालाय. मालकाने न्यूयॉर्कहून वीस नवे वळणारे आणलेत. पण वळायच्या आधी पानातली शीर काढावी लागते, आणि ते काम तळघरातल्या चौदा बायका करतात. त्या अजून कामावरच आहेत! आम्ही बाहेर पडताना त्यांना कुणी सांगितलंच नाही. युनियनमध्ये त्यांना कधी घेतलंच नव्हतं.

मी म्हटलं, त्यांनाही युनियनमध्ये घेऊ. आमचा अध्यक्ष, म्हातारा प्रोकोप, म्हणतो, "शीर ओढायला कसलं आलंय कसब? उद्या मालकाच्या मांजरीलाही युनियनचं कार्ड द्याल!"

"मग काका, कारखाना आज कुणाच्या जिवावर चाललाय?"

पाइप पेटवत बसला.

९ ऑगस्ट
तळघराची खिडकी रस्त्यालगत, गुडघ्याइतकी. तिथेच मांडी ठोकून बसलो, वाकून म्हटलं, बाहेर या.

त्यांच्यातली सगळ्यांत जुनी रुझेना. तिने मानसुद्धा वर केली नाही. "वर वाचायचास तेव्हा आम्हाला छतातून नुसती गुणगुण ऐकू यायची. खाली यावंसं वाटलं कधी? आता गरज पडली तेव्हा आलास होय रे, पंडिता?"

खिशातलं वर्तमानपत्र काढलं आणि वाचायला लागलो.

१० ऑगस्ट
आजही वाचलं. मुकादमाने खिडकी लावली. आत भट्टीसारखा उकाडा — त्यांनी उघडली. त्याने पुन्हा लावली. पुन्हा उघडली! शेवटी तोच कंटाळून गेला.

११ ऑगस्ट
कुणाच्या तरी झाडाचे आलुबुखार खाल्ले. पोट बिघडलं. तरी वाचलं.

१३ ऑगस्ट
आज युनियनचे नियम वाचून दाखवले. 'सिगार वळणारा कोणीही पुरुष सभासद होऊ शकेल —'

"थांब," रुझेना म्हणाली. "यात आम्ही कुठे आहोत?"

कुठेच नव्हत्या.

"आज आम्ही बाहेर पडायचं, उद्या तुमचं जमलं की तुम्ही जिना चढून वर जायचं. आणि आम्ही? चौदा चुली आहेत, बाबा. आधी नियम बदलून आण."

१५ ऑगस्ट
नियम बदलायला सभा. आरडाओरडा! बिअर सांडली, खुर्ची मोडली. मी तंबाखूची जुडी नेली होती. प्रोकोपकाकापुढे ठेवली — काढून दाखवा शीर. पहिलं पान फाटलं. दुसरं फाटलं. तिसरं फाटलं तेव्हा स्वतःच हसायला लागला. चाळीस वर्षं शीर काढलेलीच पानं हातात आली होती त्याच्या!

"काय काका, लागतं का कसब?" मागून कोणीतरी.

"गप रे गाढवा," म्हणाला, आणि सगळ्यांत आधी त्यानेच हात वर केला.

१६ ऑगस्ट
खिडकीतून चौदा कार्डं दिली. रुझेनाने एप्रनला हात पुसून मग आपलं कार्ड घेतलं. आणि परत शीर ओढायला बसली. मला धाकधूक.

बाराचा भोंगा झाला — चौदाही जणी बाहेर! रस्त्यावर आम्ही उभे; कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसत्या टोप्या काढल्या.

१७ ऑगस्ट
नव्या वळणाऱ्यांकडची पानं संपली म्हणे. हात चोळत बसलेत. आठवडाभर मला एकदाही पुढच्या गावची आगगाडी आठवली नाही, हे आज लक्षात आलं.

१८ ऑगस्ट
ब्रुनर आलाय! मालक — स्वतः! सभेच्या खोलीच्या दारात उभा आहे, हॅट हातात. प्रोकोपकाका उठून कोट सावरत पुढे गेला. ब्रुनरने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि विचारलं, "रुझेनाबाई कुठे आहेत?"