रजेवर येण्याआधी

कुंडल,
२ मार्च

प्रिय जयराज,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला धस्स झालं असेल, म्हणून पहिल्यांदा हेच लिहितो की घरी सगळे बरे आहेत. थंडी सरल्यापासून तुझ्या आईचा गुडघा जरा ऐकतोय. ऊस महिन्यापूर्वी गेला, खोडवा ठेवला आहे, परवाच त्याला पाणी दिलं. सूनबाईची, राजलक्ष्मीची, बी.एड.ची परीक्षा जवळ आली, ती दुपारभर पुस्तकं घेऊन माडीवर बसते. फोन असताना आबांनी कागद का घेतला असं तुला वाटेल. फोनवर आपण दोघं ‘जेवलास का’, ‘थंडी किती आहे’ याच्या पुढं कधी गेलो नाही. मी काही बोलायला लागलो की तू ‘बरं, आईला द्या’ म्हणतोस, आणि खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं होतं. बावीस वर्षं पलटणीत असताना घरच्यांशी जे बोललो ते कागदावरच बोललो. तेव्हा हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच.

तुझ्या लेकीविषयी, क्रांतीविषयी लिहायचं आहे. ती अंथरूण ओलं करते हे राजलक्ष्मीनं तुला डिसेंबरात सांगितलं होतं. तू म्हणालास, लाड कमी करा. त्यावर ती पुढं काही बोलली नाही, म्हणून राहिलेलं मी सांगतो. पोरगी पावणेतीन वर्षांची झाल्यापासून रोज कोरडी उठत होती. साडेचारची झाली आणि दिवाळीनंतर एकाएकी सुरू झालं, आठवड्यातून चार-चार, पाच-पाच वेळा. तुझ्या आईनं तिच्या परीनं उपाय केले. तीळगुळाचे लाडू खायला घातले. शेजारणीनं सांगितलं म्हणून कमरेला काळा दोरा बांधला. संध्याकाळी पाच वाजल्यापासून पाणी बंद केलं. पोर आजीच्या पदराला धरून ‘एकच घोट दे की गं’ म्हणायची, आणि तुझी आई तोंड फिरवून नाही म्हणायची. मी सोप्यात बसून हे ऐकायचो. बायकांचं काम आहे, आपण कशाला मध्ये पडायचं, असं मला वाटायचं.

जानेवारीत एके सकाळी ज्वारी काढायला कोठीपाशी गेलो तर वास आला. कोठीमागं हात घातला. तीन चड्ड्या आणि एक फ्रॉक, सगळं ओलं, बोळा करून खोचलेलं. मागं वळून बघतो तर क्रांती दारात उभी. आधी म्हणाली, उंदरानं नेलं असंल. मी एकेक कपडा बाहेर काढत राहिलो. तशी ती हळूहळू जवळ आली, माझ्या धोतराला धरलं आणि म्हणाली, “आबा, पप्पास्नी फोन करू नगा.” रडली नाही बघ. एवढंच म्हणून माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मला त्या नजरेनं बेचैन केलं. ती नजर मी आधी कुठं तरी पाहिली होती, पण त्या दिवशी मला आठवायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात बालवाडीच्या बाईंनी सांगितलं, ही शाळेत पाण्याला तोंड लावत नाही. बाटली भरलेली जाते, भरलेलीच परत येते. मग लघवीला जळजळ सुरू झाली, मोरीत बसून रडायला लागली. राजलक्ष्मीचं कॉलेज होतं, म्हणून मी आणि तुझी आई तिला घेऊन सांगलीला गेलो. विश्रामबागेत लहान मुलांच्या एक डॉक्टरबाई आहेत. त्यांनी लघवी तपासली, पोट तपासलं, पाच दिवसांचं औषध लिहिलं. काळा दोरा बघून हसल्या, तो राहू दे म्हणाल्या, पण पाणी तोडायचं नाही. दिवसा भरपूर पाजायचं, झोपायच्या थोडं आधी कमी करायचं आणि मोरीला नेऊन आणायचं. पाच वर्षांच्या आतली कितीतरी मुलं असं करतात, त्यात त्यांचा दोष नसतो, झोपेत त्यांना कळतच नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. रागवायचं नाही, लाजवायचं नाही. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “कोरडी राहणारी मुलगी पुन्हा सुरू झाली, तर घरात काही घडलं होतं का? आणि लहानपणी घरात आणखी कुणाला हा त्रास होता का?”

मी म्हणालो, मला काही आठवत नाही.

जयराज, मी खोटं बोललो. तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरबाईंना म्हणाली, “हिच्या बापाला हुता. सात वर्साचा हुस्तवर.” बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, मग तेव्हा तुम्ही काय केलं होतं? तुझी आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो. क्रांती तेवढी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

काय केलं होतं ते तुला सांगायला नको. पण मी ते कधी माझ्या तोंडानं बोललो नाही, म्हणून आज लिहितो. तू साडेपाच वर्षांचा होतास. मी दोन महिन्यांच्या रजेवर आलो होतो. लागोपाठ तिसऱ्या दिवशी तुझी गादी ओली झाली तशी मी ती गुंडाळली, तुझ्या डोक्यावर दिली आणि घरापासून वेशीपर्यंत तुला चालवत नेलं. शाळेला निघालेली पोरं मागनं ओरडत होती. तुझी आजी अंबूबाई आडवी आली, तिला मी हातानं बाजूला सारलं. आपल्या आईला. गादीचं पाणी तुझ्या मानेवरून ओघळत होतं, आणि तू रडत नव्हतास. मला त्याचं कौतुक वाटलं. पोरगं कणखर निघणार म्हणून दुसऱ्या दिवशी मी चावडीवर सांगितलं.

सांगलीहून परत येताना पलूसच्या गाडीत क्रांती आजीच्या मांडीवर झोपली होती. तासगाव गेल्यावर तुझी आई बोलायला लागली. अठ्ठावीस वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं. म्हणाली, “तुमचं कार्ड यायचं, रजा मिळाली म्हनून. कार्ड वाचून दाखिवलं की दुसऱ्या दिवसापासनं पोराचं हातरून भिजायचं. तुमी ग्येला की आट दिसांत ऱ्हायचं. आवं, कसं सांगायचं तुमास्नी? लय आनंदानं लिवलेलं असायचं तुमी.” पुढं म्हणाली की तू दोन वर्षं गादीवर झोपलाच नाहीस, पोतं टाकून त्यावर निजायचास, म्हणजे भिजलं तर पोतं भिजेल. मला वाटायचं पोराला साधेपणाची आवड आहे. मी खिडकीबाहेर बघत बसलो. द्राक्षाच्या बागांवर फवारणी चालली होती. गाडीत माणसं होती, म्हणून बरं झालं.

त्या दिवसापासून क्रांतीचं अंथरूण माझ्याकडं घेतलं. मेणकापड आणलं, त्यावर जुनी वाकळ. सकाळी ती उठली की मी विचारत नाही. ओलं असेल तर आम्ही दोघं चादर घेऊन परसातल्या दगडावर जातो. मी धुतो, पिळताना एक टोक तिच्या हातात देतो. पहिले दोन दिवस ती चोरासारखी यायची, भिंतीच्या कडेकडेनं. शेजारीण कुंपणावरनं म्हणाली, “आवं, तुमी कशाला? गडीमानसानं धुवायचं व्हय हे?” मी म्हणालो, हवालदार होतो, सगळ्या पलटणीचे कपडे बघितलेत. त्यावर क्रांती हसली. पुढं पुढं ती दगडावर बसून शाळेतलं सांगायला लागली. कोण कुणाला चावलं, बाईंनी कुणाला तारा दिला. पाणी प्यायला लागली. बाटली रिकामी दाखवायला स्वतः पळत यायची. जानेवारीच्या शेवटी पाच दिवस कोरडे गेले, मग एकदा झालं, मग नऊ दिवस कोरडे. फेब्रुवारीत सलग एकोणीस. तुझ्या आईनं मेणकापड काढायचं का विचारलं. मी म्हणालो, राहू दे, घाई कशाला.

आता घरात काय घडलं होतं, या डॉक्टरबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. ते आम्ही दोघांनीही तिथं दिलं नाही. भाऊबीजेची सकाळ होती. उंब्रजहून धैर्यशील राजलक्ष्मीला माहेरी न्यायला आला होता. चहा चालला होता. क्रांतीचं त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदाच झालं असेल. दिवाळीची धावपळ, उशिरा झोपलेली, आणि तू घरात आल्यामुळं तिची जागाही बदललेली. तू तिला आतून सोप्यात आणलंस, ओली चादर तिच्या दोन्ही हातांत दिलीस आणि म्हणालास, सांग मामाला काय केलंस ते. ती सांगेना. तू आवाज चढवलास. तिच्या हातातली चादर जमिनीला लागत होती. शेवटी धैर्यशील उठला, “असू द्या दाजी, ल्हान हाय,” म्हणाला आणि त्यानं तिच्या हातातून चादर घेतली. राजलक्ष्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी सोप्यातच खुर्चीवर होतो. पेपर वाचत होतो. तुला आठवत असेल, मी पेपर खाली घेतला नाही.

का घेतला नाही, हे तुला कळावं. मला तुझं वागणं पटलं होतं असं नाही. तू चादर तिच्या हातात दिलीस तेव्हापासून मी पेपरातली एक ओळही वाचली नव्हती. पण मी ‘जयराज, सोड तिला’ म्हणालो असतो, तर तू वळून माझ्याकडं बघितलं असतंस. तेवढ्या एका बघण्याची मला भीती वाटली. साठी उलटलेला, दोन लढायांच्या काळात सीमेवर राहिलेला माणूस मी, पोराच्या नजरेला भ्यालो आणि नातीला तशीच उभी राहू दिली.

हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. एकवीस तारखेपासून रजा मंजूर झाल्याचं तू गेल्या रविवारी कळवलंस आणि घर आनंदलं. तुझ्या आईनं काय काय करायचं त्याची उजळणी सुरू केली. राजलक्ष्मी गाणं गुणगुणत भाकरी थापत होती. क्रांतीला मीच मांडीवर घेऊन सांगितलं, पप्पा येणार. ती ‘बरं’ म्हणाली. सोमवारी सकाळी वाकळ भिजलेली. मंगळवारी, बुधवारी, रोज. काल चादर पिळताना तिनं विचारलं, “आबा, पप्पा आलं की मी मामाकडं ऱ्हाऊ का? पप्पा ग्येलं की मी लगेच येते.” तिनं हे फार समजूतदारपणानं विचारलं, जशी काही सगळ्यांची सोय बघत होती. मी पिळलेली चादर पुन्हा पिळली. तिच्या आईला हे मी सांगितलेलं नाही, तुझ्या आईलाही नाही. घरात आलेला आनंद मोडावा असं वाटलं नाही, आणि हे आधी तुला कळायला हवं होतं. त्यासाठी हे पत्र. डॉक्टरबाई निघताना म्हणाल्या होत्या, वडिलांना लहानपणी असं होत होतं हे मुलीला कळलं तर तिचं ओझं फार हलकं होईल. मी ते तिला सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क तुझा आहे, तुझ्याकडून तो मी एकदा भर गल्लीत हिसकावून घेतला होता. यायच्या आधी तिला फोन कर. राजलक्ष्मीला फोन क्रांतीच्या हातात देऊन बाजूला व्हायला सांग आणि तुझं तू सांग. वेशीपर्यंत चालवलेलं सांगावंसं वाटलं तर तेही सांग, आबांनी केलं म्हणून सांग. नंतर ती माझ्याकडं कशी बघेल याचा विचार तू करू नकोस. मी चुकलो होतो, जयराज. तू चुकला नव्हतास, झोपलेलं पोर होतास. हे मला तुझ्या समोर बसून म्हणायला पाहिजे होतं, ते जमलं नाही. या पत्राचं उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस. तिला मात्र फोन कर. सकाळी साडेसातच्या सुमारास कर, तेव्हा ती माझ्याजवळ परसात असते.

तुझाच,
आबा