अठ्ठावन्न पौंड दाब

सोमवार, २ सप्टेंबर
आजपासून हात उचलणार नाही. माणसावर नाही, वस्तूवरही नाही. मागच्या महिन्यात फ्रिजला लाथ घातली तेव्हा व्हर्ना म्हणाली, वीस वर्षं सोसलं, आता या घरात एक जरी वस्तू फुटली तर मी टल्साला बहिणीकडे निघून जाईन. बायको आहे, बोलते. तरी शब्द दिला. पास्टर म्हणाले, हात शिवशिवला की वहीत लिही. लिहितोय.

शनिवारी जत्रेत ट्रकांच्या ओढाओढीची स्पर्धा. मागे वजन लादलेली घसरगाडी, पुढे ती ओढणारा माझा शीळ घालणाऱ्या सुपरचार्जरचा ट्रक, जो लांब ओढेल तो जिंकला. सगळी काउंटी बघायला येणार. आज मात्र जोर दिल्यावर इंजिन गचके खाऊ लागलं. पेट्रोलचा दाब अठ्ठावन्न पौंडांवरून एकदम तीसवर. किरकोळ आहे. उद्या दुपारपर्यंत काम फत्ते.

मंगळवार, ३ सप्टेंबर, स. ७
फिल्टर बदलला. दाब तीस. शांत आहे.

स. ७.४०
जुन्या फिल्टरवर बंदुकीच्या दोन फैरी झाडल्या. तो कचऱ्यातच जाणार होता, त्यामुळे वस्तू धरता येणार नाही. व्हर्नाला हे पटलं नाही. कोंबड्या अजून झाडावर आहेत.

बुधवार, ४ सप्टेंबर
टाकीतला पंप अडकला की टाकीला खालून रबरी हातोड्याने ठोकायचं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. व्हर्नाची रीतसर परवानगी काढली. ती म्हणाली, हळू ठोक. तीन फटके. दाब पंचावन्न! डोळ्यांत पाणी आलं. ठोकल्याशिवाय जगात काही नीट होत नाही, हे मी लग्नापासून सांगतोय.

दु. २
परत तीस. आणखी अकरा फटके. मग लोखंडी हातोडा. टाकीला पोचे आलेत. पोचा येणं म्हणजे फुटणं नव्हे.

गुरुवार, ५ सप्टेंबर
व्हर्नाचा भाऊ हार्लन येऊन गेला. गॅरेज चालवतो म्हणून शहाणा. ट्रकखाली डोकं घालून म्हणाला, दाजी, पंपाला करंट नीट पोचतोय का ते आधी मीटर लावून बघा, तुमच्या ठोकाठोकीने एखादी सैल वायर हलत असेल. मी म्हणालो, वायर तूच कापली असशील, शनिवारी तूही उतरतोयस. तर फिदीफिदी हसून म्हणतो, तुम्हाला हरवायला मी कशाला मेहनत घेऊ दाजी, तुम्ही एकटे पुरेसे आहात.

मग त्याचं नाक माझ्या मुठीवर आपटलं. त्याने मला बोनेटवर आडवा घालून बडवला. माझा एक दात गेला. मडगार्डवर सगळीकडे रक्त, त्यातलं बरंचसं माझं. व्हर्ना त्याला इस्पितळात घेऊन गेली. अट घरातल्या वस्तूंची होती. भाऊ ही वस्तू नाही.

शुक्रवार, ६ सप्टेंबर
टाकी उतरवली. नवा पंप बसवला. टाकी चढवली. सात तास.

तीस.

पाना भिरकावला. तो ट्रकच्या पुढच्या काचेला तडा देऊन उडाला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेला. आत व्हर्ना भट्टीत भाजायची मऊ बिस्किटं थापत होती. पाना तिच्या कानाजवळून गेला. ती ओरडली नाही. काचा वेचल्या, पीठ फेकून दिलं, नवीन मळलं. मला भीती वाटली. खरंच वाटली. उद्यापासून पाने दोरीने बांधून ठेवणार.

शनिवार, ७ सप्टेंबर, स. ८
व्हर्ना पहाटेच हार्लनकडून मीटर घेऊन आली. तडक ट्रकखाली शिरली. वीस मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाली, अरे शहाण्या, जत्रेत मिरवायला चेसिसला लाल रंग फासलास, तो अर्थिंगच्या जागेवरही फासलास, आणि वर वायर आवळलीस. करंट जाणार कुठून? रंग खरवडून तिने वायर पुन्हा बसवली.

अठ्ठावन्न. कितीही जोर दिला तरी अठ्ठावन्न.

तसं पाहिलं तर निदान माझंच. पंप आणि फिल्टर मीच बाद केले होते, उरलं काय, वायर.

स. ९.३०
व्हर्नाने ट्रकमध्ये दोन बॅगा टाकल्या. विचारलं, जत्रेला दोन बॅगा कशाला? म्हणाली, टल्साला चाललेय. ट्रकला काय झालंय ते सापडलं, रॉयस. तुला काय झालंय ते वीस वर्षं शोधतेय, दमले आता.

मी म्हणालो, अगं, आज ओढाओढ आहे. ती म्हणाली, ताजी बिस्किटं झाकून ठेवलीत, गार व्हायच्या आत खा.

तडा गेलेल्या काचेमागून तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी हात उचलला नाही. निरोपालाही नाही. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत सुपरचार्जरची शीळ ऐकू येत होती. तिने भरपूर जोर दिला होता. इंजिनाने एकदाही गचका खाल्ला नाही.