वल्ह्याचे ठोके

खाडीकाठ, ता. मालवण
१९ डिसेंबर २०२४

चि. पुष्करास अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून सकाळच्या एसटीने हे पत्र पाठवतो. कागद कट करता येत नाही. तुझी आई बरी आहे. तुझा काका अजून बोलतो आहे, म्हणजे तोही बराच.

रविवारी तुझी होडी काठावरून पाहिली. पाहुण्यांना तिवरं दाखव, खंड्या दाखव, पाणमांजरं दाखव. त्यासाठीच ही पाणथळ जागा राखली आहे आणि सगळ्यांना खुली आहे. पण तू इंजिन बंद केलंस, वल्ह्याने होडीच्या काठावर ठोके दिलेस, कोंबडीची आतडी टाकलीस आणि सुसर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अरे, माणसाची चाहूल लागताच पाण्यात शिरणाऱ्या सुसरीला तू हाकेला ओ द्यायला शिकवलंस. खाडी सगळ्यांची आहे, म्हणूनच ती तुझ्या एकट्याच्या तमाशाची जागा नाही. हे बंद कर.

तुझा भांडखोर,
बाबलीकाका

मालवण
२३ डिसेंबर

ती. बाबलीकाकांस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचताना तुम्ही माइकवर असल्यासारखं वाटलं. तुमची सून रश्मी म्हणते, काकांना एक फेरी फुकट मारून आणा, राग उतरेल. काका, सुसर दिसली नाही तर पाहुणे दुसऱ्याच्या होडीत बसतात. ती आळशी आहे, आजवर कोणाच्या वाटेला गेली नाही. नवीन वर्ष उलटू दे, मग बघू.

एक काम होतं. शनिवारी वीस पाहुणे येताहेत, त्यांना कालवांचं सुकं हवंय. आईला नेहमीच्या खडकावरून कालवं काढून ठेवायला सांगा.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमचा,
पुष्कर

खाडीकाठ
२७ डिसेंबर

चि. पुष्करास आशीर्वाद. हा शब्द लिहिताना आज हात जड झाला.

तुझं पत्र मथुरावहिनीने माझ्याआधी फोडलं आणि मला न सांगता ती काल ओहोटीला खडकावर गेली. मुलाने मागितलं आणि आई थांबली, असं कधी झालंय? कालव खडकावरून सोडवायला कोयतीचे ठोके द्यावे लागतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या ठोक्यांवर सुसर आली. वहिनी कंबर सरळ करायला उठली म्हणून दिसली. हातभर अंतरावर खडकाला हनुवटी टेकून, तोंड उघडून, पाळलेल्या कुत्र्यासारखी वाट पाहत होती.

वहिनी टोपली तिथेच टाकून वर आली. तेव्हापासून तुझं नाव घेत एवढंच म्हणते, की ती खाऊक नाय इली, तिका माझ्या झिलान बोलावल्यान.

शेवंती आणि बाकीच्या बायका विचारताहेत, आता खडकावर कधी उतरायचं. त्यांच्या चुली कालवांवर पेटतात. वनखात्याला मी कळवलं आहे. उद्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तू ठरव. पण या बायकांना काय सांगायचं ते इथे येऊन स्वतःच्या तोंडाने सांग. एसटीने ये. होडीने येऊ नकोस.

आज वहिनी खाडीकडच्या पायरीवर नारळ फोडायला बसली. दोनच ठोके दिले असतील. पायरीखालचं पाणी हललं. नारळ तसाच तडकलेला पडून आहे, उचलायला कोणी खाली जात नाही.

माया आहे तशीच आहे. तू ये.

बाबलीकाका