दोन मिलिमीटरची जागा

४ मे, रविवार. सकाळी ६.१०

आज शुभारंभ. एस्टीम गेटाच्या बोळीत घेतली. बोळीची रुंदी १७५ सेंमी, गाडीची १५७.५. उरली साडेसतरा. मांजर जाईल. चाकं काढून चार स्टँडवर चढवली, स्पिरिट लेव्हल लावली. बुडबुडा बरोबर मधोमध. जुन्या शहरात इतकी सपाट उभी असलेली दुसरी गाडी नाही.

काम: जुना कॅमशाफ्ट काढून जास्त लिफ्टचा टाकणे. सोबत सोळा नव्या कडक स्प्रिंगा. मंजुषाला सोप्या भाषेत समजावलं: इंजिन श्वास घेतं, कॅमचा दांडा त्याची नाकं उघडतो, नवा दांडा जास्त उघडेल. ती म्हणाली, गाडी चांगली चालून राहिली होती न? मंग उघडली काहून? प्रश्न तांत्रिक नव्हता.

२३ जूनपासून ती संस्थेच्या अमरावतीच्या शाळेत मुख्याध्यापिका. लायसन जानेवारीत काढून बसली आहे. म्हणते, एस्टीम मीच चालवत नेईन, रोज येणं-जाणं करीन. तिच्या हाती द्यायची तर गाडी आधी योग्य करून देणं माझं कर्तव्य आहे. तिच्यासाठीच चाललंय हे सगळं.

सहा दिवस. १० तारखेला गाडी बाहेर. तिची स्कूटी आत अंगणात अडकली, पण सहा दिवसांनी काय होतं.

५ मे

जाण्यायेण्याची व्यवस्था लावली. मधली बुटकी भिंत ओलांडायची, शेजारच्या पार्बताबाईंच्या अंगणातून निघायचं. त्यांचा फुलांचा धंदा. अंगणभर झेंडू, हार ओवणाऱ्या बाया. आज मंजुषा साडी सावरत भिंतीवर चढली तर पार्बताबाई म्हणाल्या, काय बाप्पा मॅडम, मोठ्या बाई झाल्या अन् भिंती चढून राहिल्या! सगळ्या बाया हसल्या. मंजुषा हसली नाही.

११ मे

सातवा दिवस. दिरंगाई नाही, वेळापत्रकात बदल. इंजिनाच्या झाकणाचा, म्हणजे हेडचा, एक बोल्ट हट्टी निघाला. तीन दिवस त्याच्याशी मी एकटा. आज हरला. (अर्धा तुटला. अर्धा म्हणजे निघालाच.)

लेथवाला देवमन येऊन पाहून गेला. म्हणाला, भाऊ, चाकं लावा, चार जणं धकलतो, गाडी बाहेर उभी करा, वहिनीची स्कूटी तरी निघंल. मी म्हटलं, लेव्हल जाईल. देवमन आयटीआय झालेला आहे. शिकलेल्या माणसाला हे कळत नाही. मी सगळं मॅन्युअल वाचून आणि व्हिडिओ पाहून शिकलो. वीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय. पाव नंबरचा फरक माझ्या डोळ्यातून सुटत नाही.

१५ मे

पार्बताबाई दुपारी एक ते चार आतून कडी लावून झोपतात. तेवढा वेळ मी घरात अडकून असतो. अडकून नव्हे. एकाग्र.

१८ मे, रविवार

महत्त्वाचा दिवस. नवा कॅम व्हॉल्व्हला, म्हणजे त्या नाकांच्या झडपांना, जास्त खाली ढकलतो. खालून पिस्टन वर येतो. दोघांच्या मध्ये किमान दोन मिमी जागा पाहिजे, नाही तर टक्कर. जागा मोजायची पद्धत अशी: पिस्टनवर मऊ माती ठेवायची, हेड बसवून इंजिन हातानं फिरवायचं, पुन्हा उघडून दबलेल्या मातीची जाडी मोजायची. परदेशी लोक खास माती वापरतात. मी स्वयंपाकघरातल्या परातीतून कणकेचा गोळा घेतला. स्वदेशी, ताजी, एकजीव.

दाबून, उघडून झालं तोवर दुकानाची वेळ झाली. पिस्टनवर कणीक तशीच ठेवून गेलो. ऊन ४५. संध्याकाळी मोजली. ३.१ मिमी! दोन पाहिजे, आहेत तीन. म्हणजे एक मिलिमीटर फुकट पडून आहे. हेड तेवढं घासून घेतलं की कॉम्प्रेशन वाढेल. ताकदच ताकद.

मंजुषा जेवताना म्हणाली, परातीतून एक गोळा कमी कसा झाला? शास्त्रज्ञांच्या घरी असं होतंच.

२१ मे

हेड खांद्यावर घेऊन देवमनकडे. भिंत, झेंडू, बाया, पुढे दीड किलोमीटर. एक मिमी घास म्हटलं. तो म्हणाला, भाऊ, हेड हाय हे, खोबरं नाई. मी कणकेचे आकडे लिहिलेला कागद दाखवला. त्यानं कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि घासलं.

१ जून

संकल्प: यापुढे कुणाला तारीख सांगणार नाही. तारीख सांगितली की लोक ती लक्षात ठेवतात.

मंजुषाला मात्र ८ सांगितली.

८ जून, रविवार. सकाळी ९.४०

सगळं जोडलं. पाना लावून प्रत्येक बोल्टचा जोर मोजला. मंजुषाला मुद्दाम बोलावलं. चावी मी फिरवली. तिला फिरवायची होती, पण पहिला स्टार्ट अनुभवी हातानं व्हावा.

कट्ट. मग कटकटकट. मग काही नाही.

भिंतीपलीकडून पार्बताबाईंनी विचारलं, फुटली काय जी?

रात्री ८

हेड पुन्हा उघडलं. सोळापैकी अकरा व्हॉल्व्ह वाकडे. पाच सरळ. पाच ही लहान संख्या नाही.

कारण शोधतोय. बेल्ट? देवमनचा लेथ? लोखंडाचा दर्जा?

९ जून

मंजुषानं माझा मापांचा कागद वाचला. विचारलं, अवो, कणीक कधी घेतली होती? म्हटलं, १८ मे, रविवार. ती म्हणाली, त्या दिवशी वरण-बट्टी होती. बट्टीच्या कणकेत सोडा असते. फुगते ते.

मग खूप हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. हसता हसता थांबली आणि विचारलं, तेवीसले गाडी नाई न मंग?

सोड्याचा उल्लेख मॅन्युअलात नाही. मॅन्युअल अपूर्ण आहे. अकरा व्हॉल्व्हची ऑर्डर दिली. म्हटलं, २२ ला संध्याकाळी चावी तुझ्या हातात.

१५ जून

व्हॉल्व्ह आले. जाडी ०.०५ नं वेगळी. तत्त्वाचा प्रश्न आहे. परत पाठवले.

मंजुषा म्हणाली, बसवा न तेच, पोरांच्या रेसमधे थोडी न्यायची हाय मले, शाळेत जायचं हाय. तिला समजावलं की काम करायचं तर करायचं. ती म्हणाली, हो, तेच म्हणते मी.

२२ जून, रविवार

मंजुषा अमरावतीला गेली. राजापेठेत खोली घेतली आहे, तिच्याच शाळेतल्या बाईच्या घरी. दोन बॅगा भिंतीवरून पार्बताबाईंच्या बायांनी उतरवून घेतल्या. मी पलीकडून देत होतो. पार्बताबाईंनी तिला मोगऱ्याचा गजरा दिला, पैसे घेतले नाहीत.

तात्पुरती सोय. गाडी झाली की येईल.

२९ जून

आज रविवार. ती आली नाही. शाळेचं काम. खिचडी केली. मीठ मोजून घातलं, चार ग्रॅम. तरी चव नाही. वजनकाटा तपासला पाहिजे.

दुपारी एक ते चार गाडीखाली पडून होतो. बुडबुडा अजून मधोमध.

५ जुलै

व्हॉल्व्ह आले. या वेळी अचूक. फोन करून सांगितलं, आठ दिवसांत घ्यायला येतो, एस्टीमनं. ती म्हणाली, गाडी तुमची तुमाले राहू द्या. इथं शाळा चार किलोमीटर हाय, ऑटो भेटत नाई. माही स्कूटी पाठवून द्या.

विचारलं, किती दिवसांसाठी?

म्हणाली, माही हाय न ते. दिवस कायचे?

१२ जुलै, शनिवार

देवमन सकाळी तीन माणसं घेऊन आला. चाकं लावली, स्टँड काढले, गाडी धकलली. स्कूटी बाहेर आली. देवमननं पुसली, हवा भरली, टेम्पोत चढवली. पार्बताबाई गेटातून आमच्या अंगणात आल्या, दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ. इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, मोठं हाय जी अंगण!

गाडी बाहेर काढायला लागलेला वेळ: सात मिनिटं. घड्याळ लावून मोजला.

मंजुषानं फोनवर विचारलं, लई वेळ लागला काय? म्हटलं, बराच.

मी व्हॉल्व्हचं सांगायला लागलो. ती म्हणाली, उद्या रविवार हाय, या जेवायले. वांग्याची भाजी करते. अन् आयका, बशीनं या.

१३ जुलै, रविवार. सकाळी ८.२५, बसमध्ये

उभ्यानं लिहितोय. एका बाजूला हरभऱ्याचं पोतं, दुसऱ्या बाजूला पोत्याचा मालक. मूर्तिजापूर यायचं आहे. हलता येत नाही.

इंजिनाचा आवाज ऐकला. तिसऱ्या सिलेंडरचा टॅपेट वाजतोय, गॅप साधारण ०.१५ नं जास्त. कंडक्टरला बोलावून नीट समजावून सांगितलं.

तो म्हणाला, काका, मागं सरका.

सरकलो.